झोपेतली मेडूसा, काचेच्या मागून

काचेवर उलटं चित्र काढताना ब्रश सगळ्यात आधी जिथे टेकतो, तेच बघणाऱ्याला सगळ्यात पुढे दिसतं. कॅनव्हासवर आधी आभाळ, मग डोंगर, मग माणूस आणि शेवटी डोळ्यातला ठिपका. काचेवर आधी डोळ्यातला ठिपका आणि शेवटी आभाळ. पुढे काय असणार हे पहिल्याच दिवशी ठरवावं लागतं, नंतर वरून काही चढवता येत नाही. ग्रीक कथांमधल्या बायका नव्याने रंगवायला हे तंत्र आम्ही सुचवतो ते याचसाठी. त्या बायकांवर वीराची ढाल, देवाचा राग आणि चित्रकारांची हौस असे थरावर थर चढलेले आहेत. इथे पहिला थर तुमचा.

हे तंत्र आपल्याला परकं नाही. अठराव्या शतकात चिनी कारागिरांच्या हातून ते पश्चिम भारतात आलं, साताऱ्यात आणि कच्छमध्ये रुजलं. पुण्याच्या केळकर संग्रहालयात अशी जुनी काचचित्रं बघायला मिळतात. बडोद्यात विसाव्या शतकात के. जी. सुब्रमण्यन आणि भूपेन खख्खर यांनी ते पुन्हा हाती घेतलं. खख्खरांकडून ते नलिनी मलानींनी उचललं आणि ग्रीक बायकांकडे वळवलं: १९९० च्या दशकात मिडीआ, २००९ साली तीस तुकड्यांची कॅसांड्रा. म्हणजे बडोद्यात बसून मेडूसा, सापांच्या केसांची ती ग्रीक बाई जिच्याकडे बघणारा शिळा होतो, काचेवर काढणं हे काही आगंतुक काम नव्हे.

खाली १२ × १६ इंचाच्या एका काचेची पूर्ण कृती आहे. रोज दोन-तीन तास दिले तर थरांमधला वाळण्याचा वेळ धरून रंगवायला नऊ-दहा दिवस लागतात.

रंगाआधी क्रियापदं मोजा

एक कागद घ्या आणि त्यावर तीन रकाने आखा: ती काय करते, तिच्यावर काय केलं जातं, हे कोण सांगतं. मग कथा मूळ कवींच्या अनुवादांतून वाचा. मुलांच्या पुस्तकांतून किंवा सिनेमांतून घेऊ नका, तिथे रकाने आधीच भरून ठेवलेले असतात.

मेडूसापुरते दोन कवी पुरेत. ग्रीक कवी हेसिअड सांगतो की गॉर्गन नावाच्या तिघी राक्षसी बहिणींत मेडूसा एकटीच मर्त्य होती, आणि समुद्रदेव पोसायडन तिच्याजवळ वसंतातल्या फुलांच्या मऊ कुरणात निजला. देवळाचा उल्लेख नाही, शाप नाही. त्यानंतर सुमारे सातशे वर्षांनी रोमन कवी ओव्हिड आपल्या 'मेटामॉर्फोसिस' या काव्याच्या चौथ्या सर्गात वेगळं सांगतो. मेडूसा देखणी, केस तर नावाजलेले. समुद्रदेवाने मिनर्व्हाच्या, म्हणजे अथीनाच्या, देवळात तिच्यावर बलात्कार केला. देवीने तोंड फिरवलं, ढालीआड चेहरा झाकला आणि शिक्षा दिली ती मेडूसाला: केसांचे साप झाले.

आता रकाने बघा. दुसरा भरून वाहतोय. पहिल्यात फक्त एक क्रियापद आहे: ती झोपते. तिचं मुंडकं आणायला निघालेला वीर पर्सियस तिच्यापर्यंत पोचला तेव्हा ती आणि तिचे साप गाढ झोपेत होते. त्याने पितळी ढालीत तिचं प्रतिबिंब बघून मान कापली. आणि तिसरा रकाना? ही हकीकत सांगतो खुद्द पर्सियस, स्वतःच्या लग्नाच्या मेजवानीत, पाहुण्यांनी विचारल्यावर. मारणारा सांगतोय आणि मेजवानी चाललीय. हे एकदा कळलं की चित्राचा विषय शोधत बसावं लागत नाही.

आपल्याकडे अहल्या आहे. फसवलं इंद्राने, शिळा झाली अहल्या. मेडूसाला साप मिळाले आणि समोरचे शिळा होऊ लागले. ही तुलना मनात जरूर ठेवा, चित्रात आणू नका. मेडूसाच्या शेजारी शिळा आणि रामाचं पाऊल काढलं की बघणारा कोडं सोडवल्याच्या आनंदात पुढे निघून जातो, तिच्याकडे बघायचं राहतं. मेडूसाला कालीची जीभ लावणं हाही तसाच आळस.

दुसरा आळस तलवार तिच्या हातात देण्याचा. लुचानो गार्बाती या शिल्पकाराने २००८ साली पर्सियसचं मुंडकं हातात धरलेली मेडूसा घडवली. २०२० साली ती न्यूयॉर्कमध्ये फौजदारी न्यायालयासमोर उभी राहिली आणि खूप गाजली. टीकाही झाली: बलात्कार पर्सियसने केलाच नव्हता, मग मुंडकं त्याचं का? आणि बाईचा देह पुन्हा तसाच गुळगुळीत, नग्न, बघण्याजोगा का? आमचं मत टीकाकारांच्या बाजूने आहे. मारणारा बदलला, पण बघणाऱ्याची जागा तीच राहिली.

नजरेचा सराव

ब्रश उचलण्याआधी एक दुपार बडोद्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातल्या महाराजा फतेहसिंह संग्रहालयात घालवा. सयाजीराव महाराजांनी रवि वर्म्यांकडून करवून घेतलेली पौराणिक चित्रं तिथे आहेत. विश्वामित्र-मेनका, अर्जुन-सुभद्रा, शंतनू-मत्स्यगंधा. वहीत चित्राची फक्त चौकट काढा आणि प्रत्येक माणसाच्या डोळ्यांतून एक बाण काढा: तो कुठे बघतोय. मग चित्राबाहेरून, तुमच्या डोळ्यांतून, चित्रात एक बाण काढा: तुम्हाला कुठे बघायला लावलंय. बहुतेक वेळा पुरुषाचा बाण आणि तुमचा बाण एकाच जागी जाऊन टेकतात, आणि बाईचा बाण जमिनीकडे किंवा चौकटीबाहेर जातो. असे आठ-दहा आराखडे झाले की हात आपोआप सावध होतो. मग कीर्तिमंदिरात नंदलाल बोसांची भित्तिचित्रं बघा. मीराबाईच्या चित्रमालिकेत बाई कथेचा मध्य कशी होते हे त्याच पद्धतीने बाण काढून तपासा.

ग्रीक बाजूनेही एक चित्र बघून ठेवा, संग्रहालयाच्या संकेतस्थळावर ते मिळतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात पॉलिग्नोटस या भांडी रंगवणाऱ्या ग्रीक चित्रकाराच्या नावावर असलेलं, इ. स. पू. ४५०–४४० च्या सुमाराचं एक भांडं आहे. त्यावर मेडूसा सुंदर तरुणी आहे आणि झोपलेली आहे. पर्सियस तोंड फिरवून विळा तिच्या मानेला लावतोय. त्याआधीच्या मेडूसा म्हणजे जीभ बाहेर, सुळे, वटारलेले डोळे. ग्रीसमधल्या कॉर्फू बेटावरच्या आर्टेमिस देवळाच्या दर्शनी त्रिकोणी शिल्पात इ. स. पू. ५८० च्या सुमाराची तशी एक आहे. म्हणजे झोपलेली मेडूसा आपण आज उपकार म्हणून शोधून काढलेली नाही. ती अडीच हजार वर्षं भांड्यावर झोपलेलीच आहे.

आराखडा

चित्र १२ × १६ इंच आडवं. तिचा चेहरा, खांदा आणि एक हात मिळून अर्ध्याहून जास्त जागा. पर्सियसला दहाव्या हिश्शाहून अधिक जागा देऊ नका: उजव्या कडेला ढालीची कड आणि विळ्याचं टोक, बस. चेहरा नको, दंड नकोत.

झोपलेला चेहरा काढताना नेहमी एकच चूक होते. उभ्या माणसाचा चेहरा काढून तो ९० अंशांनी आडवा केला जातो. कुशीवर निजलेल्या माणसाचा खालचा गाल उशीवर दाबला जातो, वरचा गाल नाकाकडे ओघळतो, ओठांची खालची कड किंचित उघडते, वरचा खांदा कानाकडे सरकतो. मॉडेल घेऊन काढा. वीस मिनिटं पोझ, दहा मिनिटं विश्रांती. फोटोवरून काढायचं असेल तर जागं असताना विचारून, तिने स्वतः पडून दिलेला फोटो घ्या. कुणाचा तरी नकळत काढलेला झोपेतला फोटो या चित्रासाठी वापरणं म्हणजे पर्सियसचीच ढाल हातात घेणं.

सापांचं शरीरशास्त्र इथे मदतीला येतं. सापांना पापण्या नसतात, त्यांचे डोळे झोपेतही उघडेच असतात. म्हणजे एका डोक्यावर मिटलेले दोन डोळे आणि उघडी चौदा-अठरा बुबुळं, आणि तरी सगळेच झोपलेले. मग साप झोपलाय हे दाखवायचं कसं? जीभ आत. वेटोळं सैल. हनुवटी स्वतःच्याच वेटोळ्यावर टेकलेली. एकाही सापाची जीभ बाहेर काढली की तो जागा झाला आणि चित्र फसलं.

साप सात ते नऊ पुरेत. वीस काढले की शेवया दिसतात. जाडी सारखी ठेवू नका, दोन जाड, चार मध्यम, बाकी बारीक. नमुन्याला आपल्या ओळखीचे साप चालतील, कवींनी जात सांगितलेली नाही. धामणीचं बुबुळ गोल, घोणशीचं उभं चिरेसारखं आणि पाठीवर ठिपक्यांची साखळी. मानेपाशी साप चिकटवल्यासारखे दिसू नयेत म्हणून केसांच्या मुळापाशी खवले आणि केस एक इंचभर एकमेकांत मिसळा.

त्वचा संगमरवरासारखी पांढरी करायची गरज नाही. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने गॉर्गनचं मुंडकं लिबियातून आणलं असं म्हटलंय, आणि ओव्हिडमध्येही त्याच्या रक्ताचे थेंब लिबियाच्या वाळूवर पडतात. शिवाय ग्रीक पुतळे मुळात रंगवलेले असत, पांढरे राहिले ते रंग गेल्यामुळे. वस्त्राला पेप्लॉस काढा: न शिवलेलं आयताकृती लोकरी कापड, वरचा भाग बाहेर दुमडून दोन्ही खांद्यांवर टाचणीने अडकवलेलं. नऊवारी नेसणाऱ्यांना न शिवलेल्या कापडाच्या चुण्या समजावून सांगाव्या लागत नाहीत. फक्त ओचा-कासोटा तिथे नेऊ नका. झोपेत टाचणी सैल होते, कापड ओघळतं, पण ते किती ओघळवायचं याचा हिशोब नजरेचे बाण आठवून करा.

सामान

काच: ४ मिलिमीटर जाडीची साधी फ्लोट काच, १२ × १६ इंच, कडा घासून घेतलेली. वजन सव्वा किलोच्या आसपास भरतं. ३ मिलिमीटरची काच रंगवताना हाताखाली लवते. जुन्या बाजारातून आणलेल्या फ्रेमची काच स्वस्त पडते, पण तिच्यावर बारीक ओरखडे असतात आणि ते नेमके चेहऱ्यावर येतात. फ्रेम वापरा, काच नवी घ्या. ॲक्रिलिक शीट हलकी, फुटत नाही, पण चरे पटकन पडतात, धूळ ओढून घेते, आणि तिला स्पिरिट किंवा थिनर लागला की आत बारीक तडे जातात. ती फक्त साबणपाण्याने पुसायची.

रंग: पाटी रंगवणारे वापरतात तो सिंथेटिक एनॅमल. पांढरा १०० मिलिलिटर. काळा, लाल, पिवळा, निळा, तपकिरी प्रत्येकी ५०. ट्यूबमधले ॲक्रिलिक रंग काचेवर नीट धरत नाहीत, महिन्याभरात नखाने पापुद्रा निघतो. एनॅमलवर ॲक्रिलिक तर चढवूच नका. तेलकट थरावर पाण्याचा रंग पकडत नाही. एकदा एनॅमल घेतला की शेवटपर्यंत एनॅमल.

बाकी: मिनरल टर्पेंटाइन २०० मिलिलिटर, लांब केसांचा लायनर ब्रश ०० आणि ०, गोल २, चपटा ६, कापसाच्या काड्या, धारदार पाती, ट्रेसिंग पेपर, सोनेरी किंवा तांब्याच्या रंगाचा फॉइलचा तुकडा, हात टेकायला दीड फुटी लाकडी पट्टी आणि तिच्या दोन टोकांखाली सारख्या जाडीची दोन पुस्तकं. खिडकी उघडी असलेली खोली हवी. टर्पेंटाइनचे बोळे गोळा करून कोपऱ्यात ठेवू नका, ते तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवा.

रंगवण्याचा क्रम

काच भांड्याच्या साबणाने धुवा, सुकवा, मग कापसावर स्पिरिट घेऊन पुसा. तोंडाने वाफ सोडून बघा: धुकं सगळीकडे सारखं बसलं तर काच साफ. मध्ये ठिपके किंवा बोटांचे वळसे दिसले तर पुन्हा. इथून पुढे काच कडांनीच धरायची.

ट्रेसिंग पेपरवरचं रेखाटन काचेखाली पालथं ठेवून चिकटपट्टीने डकवा. सरळ ठेवलंत तर काच उलटल्यावर ढाल डावीकडे जाईल आणि नाव उलटं वाचलं जाईल. कुठे अक्षरं असतील तर आरशासमोर धरून तपासा. (जुन्या ग्रीक भांड्यांवर काही नावं उजवीकडून डावीकडे लिहिलेली सापडतात, तेव्हा घसरलात तर सबब तयार आहे.)

पहिला दिवस रेघांचा. दहा भाग काळ्यात एक भाग टर्पेंटाइन. रेघ ब्रशवरून सहज सुटली पाहिजे, पण पसरायला नको. काचेला कागदासारखी पकड नसते म्हणून हात सरकतो. पट्टीवर मनगट टेकवा आणि रेघ खांद्यातून ओढा. पापण्यांचे केस, ओठांमधली रेघ, खवल्यांच्या कडा, कापडाच्या चुण्या. सापांच्या डोळ्यात मात्र काळं भरण्याआधी पांढरा ठिपका द्या. हा ठिपका विसरणं ही या कामातली सगळ्यात सामान्य चूक, आणि ती सातव्या दिवशी लक्षात येते, जेव्हा काही करता येत नाही. झोपेतल्या सापाचा ठिपका मंद हवा, पांढऱ्यात थोडा तपकिरी मिसळून.

पहिल्या दहा मिनिटांत चुकलेली रेघ टर्पेंटाइनमध्ये किंचित बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसता येते. वाळल्यावर पातं काचेशी तीसेक अंशांत धरून खरवडा. तिसऱ्या थरानंतर खरवडू नका, एका रेघेपायी गाल जातो.

चोवीस तासांनी दुसरा थर: उजेड. नाकाचा शेंडा, वरच्या गालाचं हाड, खांद्याचा गोल, खवल्यांची चमक. तिसऱ्या दिवशी गालाची आणि ओठांची लाली, मग सावल्या. सावली काळ्याने करू नका, तपकिरीत निळा घाला. कडा विरघळवायच्या तर रंग चिकट असतानाच कोरड्या गोल ब्रशने ठोके द्या. घासलंत तर खालची रेघ उचलली जाते.

चौथ्या-पाचव्या दिवशी त्वचेचा मूळ रंग: तीन भाग तपकिरी, दोन पिवळा, दोन पांढरा, लाल अगदी टोकावर. आधी काचेच्या तुकड्यावर लावून दुसऱ्या बाजूने बघा. डबीत दिसणारा रंग आणि काचेतून दिसणारा रंग वेगळे. काचेच्या हिरवट छटेमुळे तो किंचित थंड दिसतो. त्वचा लावल्यावर लाली आठवली तर उशीर झालेला असतो, ती आता कातडीच्या मागे जाईल. सहाव्या दिवशी साप, सातव्या दिवशी वस्त्र.

आठव्या दिवशी पार्श्वभूमी. हेसिअडच्या मते गॉर्गन महासागरापलीकडे, रात्रीच्या काठाला राहतात. गडद निळ्याचे दोन पातळ हात पुरेत. ढालीच्या कडेची जागा मात्र कोरी सोडा. शेवटी तिथे मागून फॉइल लावायचं: आधी मुठीत हलकं चुरगाळा, मग बोटाने सपाट करा, म्हणजे सुरकुत्यांत उजेड तुटतो. चित्रात आरसा एवढाच. बघणारा जवळ आला की त्याची हललेली सावली त्या ढालीत सापडते, मेडूसाच्या चेहऱ्यात नाही. डोळ्यांच्या जागी आरसा लावायची कल्पना सगळ्यांनाच सुचते. ती टाळा. तिचे डोळे मिटलेलेच राहू द्या.

दर दोन थरांनी काच उचलून पुढून बघा. मागून बघत बसलात तर काम गचाळ वाटतं आणि धीर सुटतो. मागची बाजू गचाळच असते.

काय बिघडतं

पांढरा आधी सुटतो. इ. स. पू. सहाव्या शतकातल्या अथेन्सच्या काळ्या आकृत्यांच्या भांड्यांवर पुरुषांची कातडी काळी आणि बायकांची पांढरी असे. तो पांढरा वरून दिलेला थर असल्यामुळे पुष्कळ ठिकाणी उडून गेलाय, पुरुष शाबूत आणि बायकांच्या जागी डाग. आपल्या काचेवर कारण जरा वेगळं. जाड हातामुळे वरची साय आधी वाळते, आतला रंग नंतर आकसतो आणि थर काचेपासून उचलला जातो. उपाय म्हणजे दोन पातळ हात, मध्ये पूर्ण दिवस.

पावसाळ्यात बडोद्याच्या हवेत एनॅमल वाळायला दुप्पट वेळ घेतो, आणि काचेवर न दिसणारी ओल असली तर रेघ मध्येच तुटते. रेघांच्या दिवशी काच आधी दोन मिनिटं केस वाळवण्याच्या यंत्राने कोमट करा. मेमध्ये उलटा त्रास: रंग ब्रशवरच घट्ट होतो, टर्पेंटाइन थोडं वाढवावं लागतं आणि दुपार टाळावी लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात सोयीचा काळ. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या, आठवड्यात मात्र गच्चीखालच्या खोलीत ओला थर उघडा ठेवू नका, धावपळीची सगळी धूळ त्याच्यावर बसते.

पुढून धुरकट ठिपके दिसले तर ते बहुधा बोटांच्या तेलाचे. त्याला इलाज नाही.

फ्रेम

एनॅमल हाताला कोरडा लागला तरी आतून पक्का व्हायला दोन आठवडे द्या. फ्रेममध्ये काच आणि मागची पाटी यांच्यात २–३ मिलिमीटर फट ठेवा, चारी कडांना पातळ लाकडी पट्टी लावून. पाटी थेट रंगावर दाबली तर उन्हाळ्यात चिकटते आणि काढताना चित्र पाटीवर येतं. मागून कागदी चिकटपट्टीने कडा बंद करा, नाहीतर कसर आत शिरते. वजन पाहता एक खिळा पुरत नाही, दोन हुक लावा. खिडकीसमोरची भिंत टाळा. काचेत खिडकीच दिसत राहते.

काचेवर न मावणाऱ्या बायका

फिलोमेला काचेवर काढू नका, ती कापडाची आहे. ओव्हिडच्या सहाव्या सर्गात बहिणीचा नवरा टेरियस तिच्यावर बलात्कार करतो, बोलू नये म्हणून जीभ कापतो. ती पांढऱ्या धाग्यांत जांभळ्या खुणा विणून बहीण प्रोक्नीला पाठवते, आणि बहीण ते वाचते. त्या खुणा चित्रं होती की अक्षरं, हे मूळ शब्दावरून ठरत नाही. तुम्ही ठरवा. १८ × २४ इंच पांढरं मांजरपाट, जांभळ्या सुताचे सहापैकी दोन पदर, आणि आपली स्वतःची आठ-दहा चिन्हं. प्रसंग भरू नका. बलात्काराचं नक्षीकाम करायचं कारण नाही. बहिणीला वाचता येईल असा निरोप भरा.

अरॅक्नी त्याच सर्गातली, अथीनाशी विणण्याची पैज लावणारी आणि शेवटी कोळी झालेली. देवांनी बायकांवर केलेल्या जबरदस्तीची तिने एकवीस दृश्यं विणली, काम निर्दोष होतं, अथीनालाही खोट काढता आली नाही. म्हणूनच अथीनाने ते फाडलं आणि धोट्याने अरॅक्नीच्या कपाळावर तीन-चारदा मारलं. इथे विषय कोळी नव्हे, फाटलेलं कापड. तुकडे जोडून शिवा, शिवण लपवू नका.

पॅंडोराने उघडला, सगळी दुःखं जगात सुटली आणि आत फक्त आशा उरली, तो डबा मुळात डबा नव्हताच. हेसिअडचा शब्द पिथॉस, म्हणजे धान्या-तेलाचा मोठा रांजण. सोळाव्या शतकात डच विद्वान इरॅस्मसच्या लॅटिन लेखनात त्याची छोटी डबी झाली आणि जगभर तीच चिकटली. आपल्याला रांजण हा शब्दही आहे आणि वस्तूही. कुंभाराकडून तो घ्या आणि आतून रंगवा. आशा काठाखालीच अडकून राहिली, तेव्हा काठाची आतली बाजू शेवटी करा.

पेनेलोपी, म्हणजे ट्रॉयच्या युद्धावर गेलेल्या ओडिसिअसची वाट बघत दिवसा विणणारी आणि रात्री उसवणारी त्याची बायको, करणार असाल तर तिच्या बारा दासी विसरू नका. ओडिसिअस परतल्यावर त्याच्या मुलाने त्यांना जहाजाच्या दोराने फाशी दिली. विणणं-उसवणं सगळे दाखवतात, ते बारा फास कुणी टांगत नाही.

चित्राखालची पट्टी

साठ ते ऐंशी शब्द, मराठी आणि गुजराती दोन्हींत. इथे कर्ता लपवू नका. "मेडूसाचा वध झाला" असं लिहिलं की वध आपोआप झाल्यासारखा वाटतो, शिवाय वध म्हटलं की आधी राक्षसच आठवतो. "पर्सियसने झोपलेल्या मेडूसाची मान कापली" हे वाक्य आठवून बघा, सगळे रकाने त्यात आहेत. "भ्रष्ट झाली", "अब्रू गेली", "शील लुटलं गेलं" ही आपल्या भाषेची जुनी खोड. यात जे काही जातं ते बाईचंच जातं आणि करणारा वाक्यातच नसतो. "पोसायडनने बलात्कार केला" असं लिहा, आणि ही कथा ओव्हिडची आहे हेही लिहा, कारण हेसिअड तसं सांगत नाही. "शापित सौंदर्य" वगैरे विशेषणं गाळा.

पट्टी चित्राच्या उजवीकडे, ढालीच्या बाजूला लावा. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पावणेपाच फुटांवर. दिवा वरून तिरका, तीसेक अंशांत. समोरून लावला तर काचेत बल्बच दिसतो. लावून झाल्यावर पाच फुटांवरून बघा आणि मग दीड फुटावरून. लांबून बाई झोपलेली दिसायला हवी आणि साप नुसते केसांसारखे. त्यांचे उघडे डोळे जवळ गेल्यावर दिसले म्हणजे पहिल्या दिवशीचे पांढरे ठिपके जागेवर आहेत.